रुमालाखालचा भाव

भाव करणे हे प्राध्यापकाचे काम नव्हे, असा आमच्या घरात एक जुना समज आहे. चौतीस वर्षे मी पदव्युत्तर वर्गाला किमतीचा सिद्धांत शिकवला आणि त्या सर्व काळात घरची भाजी पत्नीने आणली. तिच्या मते ही श्रमविभागणी शास्त्रशुद्ध होती, कारण मी आणलेली मेथी नेहमी महाग आणि शिळी निघे. निवृत्तीनंतर मात्र एका बॅटीच्या निमित्ताने मला स्वतः भाव करण्याचा प्रसंग आला. त्यात मी जिंकलो. त्या जिंकण्याने मनाला जी टोचणी लागली, तिच्यामुळे हा लेख लिहीत आहे.

मुलीचा मुलगा अकरावीसाठी आमच्याकडे राहावयास आला आहे. त्याला क्रिकेटचे वेड आहे आणि त्याच्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे की, आता काश्मिरी विलोच्या बॅटीने भागणार नाही, इंग्लिश विलोची हवी. दुकानात अशा नव्या बॅटीची किंमत दहा-पंधरा हजारांपासून पुढे, कितीही. क्रीडासाहित्यावरील वस्तू आणि सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, ही गोष्ट स्वागतार्हच. पण पंधरा हजारांच्या वस्तूवरील सात टक्के वाचल्याने निवृत्तिवेतनधारकाच्या खिशात ती मावू लागते असे नाही. नातवाने मग फोन पुढे केला. तेथे आपल्याच शहरातील शेकडो अनोळखी माणसे आपापल्या माळ्यावरच्या आणि पलंगाखालच्या वस्तू विकावयास मांडून बसलेली होती. सिडकोतील एका घरातली चाके असलेली स्केट्स, वाळूजमधील एकाची गिअरची सायकल, गारखेड्यातील कोणाची तरी टेबल टेनिसची मेजे, व्यायामाची यंत्रे, आणि बॅटी तर ढिगाने. ओएलएक्स काय किंवा फेसबुकवरील बाजार काय, दुकानदार मध्ये नाही, अडत्या नाही, पावती नाही. एक घर दुसऱ्या घराशी परस्पर व्यवहार करते. पुस्तकात आम्ही ज्याला दोन व्यक्तींमधील विनिमय म्हणून शिकवत आलो, तो असा उघड्यावर प्रथमच दिसत होता.

एक बॅट नातवाला पसंत पडली. मालकाने साडेसहा हजार मागितले होते. जुनी बॅट म्हणजे दुय्यम वस्तू, असा माझा ग्रह नातवाने दूर केला. नवी इंग्लिश विलो तशीच मैदानात नेता येत नाही. तिला जवसाचे तेल पाजावे लागते, लाकडी हातोड्याने तासन् तास ठोकून मुरवावी लागते, मग कुठे ती चेंडू झेलावयास तयार होते. एका हंगामात खेळलेली बॅट ही मुरलेली बॅट असते. पहिल्या मालकाचे श्रम तिच्यात जिरलेले असतात. श्रममूल्याचा सिद्धांत मी वर्गात अनेक शंका काढून शिकवीत असे. बॅटीच्या बाबतीत त्या शंका मला तितक्या बळकट वाटल्या नाहीत.

या बाजारातील संभाषणाची रीत ठरलेली आहे. नमस्कार नाही, वस्तूची चौकशी नाही. पहिलाच प्रश्न, ‘लास्ट प्राइस?’ मी तसे विचारले नाही, एवढे सौजन्य पाळले; पण चार हजार सांगितले. पलीकडून उत्तर आले, ‘सर, परवडत नाही, साडेपाच शेवटचे.’ येथे मी माझे ज्ञान वापरले. उत्तरच दिले नाही. एक दिवस गेला, दोन गेले. नातू अस्वस्थ झाला, मी त्याला धीर धरावयास सांगितले. तिसऱ्या रात्री साडेदहाला त्याचाच संदेश आला, ‘सर, पाच द्या.’ मी पुन्हा गप्प राहिलो. सकाळी सव्वासहाला, ‘साडेचार, पण आजच न्या.’ मी विजयी मुद्रेने पत्नीला तो पडदा दाखविला. तिने चष्मा लावून सर्व संदेश वाचले आणि विचारले, ‘सकाळी सव्वासहाला कोण लिहितो? कोणाला तरी आज पैसे भरायचे दिसतात.’ चौतीस वर्षांच्या अध्यापनात मला हे वाचन सुचले नव्हते.

गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या फाटकापाशी आम्ही भेटलो. एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा, कन्नड तालुक्यातला. औरंगपुऱ्यातील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. खोलीचे दोन महिन्यांचे भाडे थकले होते. बॅट मामांनी घेऊन दिलेली. त्याने ती धुतलेल्या उशीच्या अभ्ऱ्यात गुंडाळून आणली होती. बाहेर काढल्यावर त्याने काय करावे? बॅटीचे टोक उलटे करून स्वतःच दाखविले. ‘सर, इथे चीर गेली होती, सरसाने सांधून घेतली आहे. यॉर्कर बसला की बघत जा. फोटोत दिसत नाही, म्हणून सांगतो.’ मी विचारले नव्हते. विचारण्याची अक्कलच मला नव्हती.

मी पाच हजार पुढे केले. वरचे पाचशे मी का देत होतो, ते त्याच्या ध्यानात आले असावे. त्याने ते परत केले. ‘ठरलं तेवढंच द्या, सर.’ आणि तो सिटी बस पकडावयास गेला. ते पाचशे रुपये देऊन मला जे विकत घ्यावयाचे होते ते त्याच्याकडे विक्रीस नव्हते.

आता शास्त्राकडे वळतो. एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच दाखवून दिले होते की, एक विकणारा आणि एक घेणारा एवढेच समोरासमोर असतील तर किंमत कोठे ठरेल हे सिद्धांताला सांगता येत नाही. विकणारा ज्याखाली येणार नाही आणि घेणारा ज्यावर जाणार नाही, त्या दोन टोकांमध्ये ती कोठेही पडू शकते. बाजारात गर्दी असली, दहा विकणारे आणि दहा घेणारे एकमेकांचे ऐकत असले, तरच हे अंतर आक्रसते. मग दोघेच असताना ठरते कशावर? एरियल रुबिनस्टाइन यांनी १९८२ मध्ये त्याचे जे गणित मांडले त्याचा मथितार्थ आमच्या आजीला ठाऊक होता. ज्याला थांबणे परवडते त्याचा वाटा मोठा. ॲडम स्मिथने तर १७७६ मध्ये मालक आणि मजूर यांच्याविषयी हेच लिहून ठेवले आहे. झगडा लांबला तर मालक वर्षभर बसून खाईल, मजुराला आठवडाही काढता येणार नाही. स्मिथला बाजाराचा पुरोहित समजणाऱ्यांनी तो भाग बहुधा वाचलेला नसतो.

माझ्या बॅटीच्या सौद्यात मी चतुर होतो म्हणून दोन हजार वाचले नाहीत. मला थांबता येत होते, त्या मुलाच्या भाड्याला थांबता येत नव्हते, एवढेच घडले. याची उलट बाजूही मी अनुभवली आहे, म्हणून हे लिहिण्याचा थोडा अधिकार. २०२० च्या टाळेबंदीत जावयांनी आमच्या प्रकृतीच्या काळजीने चालण्याचे यंत्र, ज्याला ट्रेडमिल म्हणतात ते, पंचेचाळीस हजारांना आणून दिले. चार महिने आम्ही त्यावर चाललो. नंतर त्यावर टॉवेल वाळू लागले. पुढे घराला रंग द्यावयाचा ठरला, रंगारी येण्याची तारीख ठरली, आणि यंत्र काढावयास हवे झाले. वीस हजार मागितले. आलेला गृहस्थ व्यायामशाळा चालविणारा, मुरब्बी. त्याने पट्टा दाबून पाहिला, मोटारीला कान लावला, जिन्याची वळणे मोजली आणि म्हणाला, ‘काका, हे खाली उतरवायलाच चार माणसं लागतील.’ तारीख मीच बोलून बसलो होतो. नऊ हजारांवर सौदा तुटला. आणि दारात, यंत्र अर्धे जिन्यात असताना, त्याने आणखी पाचशे कापले. अर्धे जिन्यातले यंत्र परत वर घेणार कोण? अडला हरी काय करतो ते सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या नुकसानीने आमचे काही अडले नाही, आणि दोन सौद्यांतला फरक तेथेच आहे. एका घरात वस्तू जागा अडवून बसली होती. दुसऱ्या घरात ती विकल्याविना जागाच हातची जाणार होती.

या व्यवहाराला आपल्या भागात एक जुना पूर्वज आहे. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात लहानपणी वडिलांबरोबर गेलो असताना मी तो पाहिला. बैल विकणारा शेतकरी आणि हेडी समोरासमोर उभे राहात, हेडी आपला रुमाल दोघांच्या हातांवर टाकी आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव चाले. भोवती पन्नास माणसे, पण आकडा कोणालाच दिसत नसे. शेतमालाच्या बाजारात याच प्रकाराला हत्ता म्हणत. शेजारच्या गाडीतला कापूस काय भावाने गेला हे शेतकऱ्याला कळू नये, ही त्या रुमालाची सारी करामत. ज्याला संध्याकाळपर्यंत पैसे घेऊन गावी परतावयाचे आहे, त्याला रुमालाखाली कोणत्या भावाला हो म्हणावे लागत असेल, हे सांगावयास नको. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९३० च्या सुमारास आणि मुंबई प्रांतात १९३९ साली नियंत्रित बाजारांचे कायदे झाले, महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६३ साली झाला. त्या सर्वांमागील एक साधी कल्पना अशी की, लिलाव उघड व्हावा, भाव फळ्यावर लागावा. बाजार समित्यांचे पुढे काय झाले, त्या कोणाच्या हाती गेल्या, हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. पण रुमाल काढून घेणे ही सुधारणा होती, आणि ती गरजूच्या बाजूने होती.

फोनवरील या बाजाराने तोच रुमाल पुन्हा टाकला आहे. वरवर पाहता सर्व उघडे आहे. मागितलेले भाव कोणीही वाचावेत. पण मागितलेला भाव म्हणजे भाव नव्हे. ती वस्तू अखेरीस कितीला गेली, हे त्या दोघांच्या खासगी संदेशांत राहते आणि जाहिरात काढून टाकताच पुसले जाते. कन्नडच्या त्या मुलाला ठाऊक नव्हते की तशाच बॅटी या महिन्यात शहरात कितीला गेल्या. मलाही नव्हते. फरक असा की माझ्या अज्ञानाची किंमत मला द्यावी लागली नाही.

याच अंधाराचा दुसरा परिणाम जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविला. त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. घेणाऱ्याला चांगली आणि वाईट वस्तू ओळखता येत नसेल, तर तो प्रत्येक वस्तूला मध्यम भावच देऊ करतो. परिणामी चांगली वस्तू असलेला माणूस बाजारातून निघून जातो आणि वाईटच उरतात. बॅटीच्या बाजारात हे रोज दिसते. काश्मिरी विलोवर नामांकित कंपनीची चिकटपट्टी लावून ती इंग्लिश म्हणून खपविणारे आहेत. त्यांच्या भीतीने घेणारा प्रत्येकालाच संशयाने कापतो, आणि चीर स्वतःहून दाखविणारा मुलगा त्या संशयाचा दंड भरतो. सायकलीच्या सांगाड्यावरील क्रमांक आणि मूळ पावती न पाहता ती स्वस्तात घेणारा कोणाची तरी चोरी पचवीत असतो, हेही येथेच सांगतो. आणि एकदा जोराचा चेंडू बसलेले हेल्मेट फुकट मिळाले तरी घेऊ नये. आतली तडजोड डोळ्यांना दिसत नाही.

लबाडी दोन्ही बाजूंनी चालते. आमच्या शेजारच्या बाईंनी मुलीची रॅकेट विकावयास काढली, तेव्हा एकाने घासाघीस न करता पूर्ण भाव कबूल केला आणि पैसे ‘मिळण्यासाठी’ एक क्यूआर चित्र पाठवून ते फोनने टिपावयास सांगितले. बाई गणित शिकवितात. पैसे घेण्यासाठी गुप्तांक कशाला लागतो, असे त्यांनी विचारताच तो नाहीसा झाला. ज्यांना हा प्रश्न सुचत नाही त्यांच्यासाठी १९३० हा मदतीचा क्रमांक आहे, आणि तो पैसे जाताच तत्काळ लावावयाचा असतो. याच बाईंकडून आणखी एक गोष्ट कळली. वस्तू विकणारे नाव स्त्रीचे दिसले की भावाऐवजी भलतेच संदेश येऊ लागतात. म्हणून पुढचा व्यवहार त्यांनी भावाच्या नावे केला. धावण्याचे चांगले बूट जुन्यात घेऊ पाहणाऱ्या मुलीला आधी एखादा काका किंवा भाऊ शोधावा लागत असेल, तर तो बाजार तिच्यासाठी अर्धाच उघडा आहे.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांना हे सर्व सांगितले तेव्हा ते हसले. ‘बॅट म्हणजे काही कापसाची गाडी नव्हे. दोघेही राजीखुशीने व्यवहार करतात. न पटले तर विकू नये.’ त्यांचे म्हणणे ट्रेडमिलला तंतोतंत लागू आहे. आरामाच्या वस्तूंवर दोन सुखवस्तू घरांनी खुशाल तास तास घासाघीस करावी. तो एक खेळच आहे आणि त्यात कोणी उपाशी राहात नाही. पण भाड्यासाठी बॅट विकणाऱ्याची राजीखुशी ही रुमालाखालची राजीखुशी असते. शिवाय मला त्यांना उलट विचारावयाचे होते, की खेळावयाचे असेल तर प्रत्येक मुलाने बाजारात उतरलेच पाहिजे, असे केव्हा ठरले? १९७० च्या दशकाच्या अखेरीस मी महाविद्यालयात असताना संघातील अकरा जणांत मिळून तीन बॅटी आणि पॅडचे चार जोड होते, सर्व जिमखान्याचे. बाद झालेला गडी पॅड सोडीत सोडीत येई आणि पुढचा बांधीत बांधीत जाई. गरीब-श्रीमंत कोण हे पायांवरून कळत नसे. जिमखाना शुल्क आजही घेतले जाते. कोणत्याही संस्थेचे नाव घेत नाही. पण अशी कपाटे मी पाहिली आहेत, ज्यांत साहित्य खरेदीच्या वर्षापासून कोरे आहे, कारण वापरले तर झिजेल आणि झिजले तर लेखापरीक्षक विचारील. मुले मात्र फोनवर साडेचार की पाच करीत बसली आहेत. खो-खो, कबड्डी आणि लांब पल्ल्याचे धावणे यांत आमच्या मराठवाड्याची मुले पुढे दिसतात, याचे एक कारण अंगभूत चिकाटी असेल. दुसरे कारण, त्यांना साहित्य कमी लागते, हेही आहेच.

जिमखान्याचे कुलूप माझ्याच्याने उघडणार नाही. रुमाल थोडा उचलता येतो का, हे मात्र पाहिले. आमच्या वसाहतीच्या वाचनालयाबाहेर एक काळा फळा पडून होता. दिवाळीनंतर मी त्यावर तीन रकाने आखले. वस्तू, मागितलेला भाव, आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव. नावे नाहीत. कोणीही वापरलेले क्रीडासाहित्य विकले की खडूने आकडा लिहावयाचा. पहिली नोंद माझ्याच बॅटीची केली, साडेसहा आणि साडेचार. खाली चिरेचा उल्लेख केला. दुसरी ट्रेडमिलची, जिन्यातल्या पाचशेसह. लोक हसून गेले. तिसऱ्या आठवड्यात कोणी तरी रात्री येऊन तिसरा रकाना ओल्या फडक्याने पुसून टाकला. आकडे मी वहीत उतरून ठेवले होते, ते सकाळी पुन्हा लिहिले. विकणाऱ्यानेच खोटा आकडा लिहिला तर काय, असे एका गृहस्थांनी विचारले. घेणारा त्याच वसाहतीत राहात असेल तर तो येऊन दुरुस्त करील, एवढेच उत्तर माझ्यापाशी होते, आणि एकदा तसे झालेही.

आतापर्यंत चौदा नोंदी झाल्या आहेत. त्यांतील दोन स्केट्सच्या. लहान मुलांचे पाय वर्षात वाढतात, म्हणून स्केट्स सर्वांत लवकर जुन्यात येतात. पहिल्या जोडाला अठराशे मागितले होते, विकले गेले नऊशेला. विकणाऱ्या बाईंना वाटले, जुन्याचे एवढेच येत असणार. पुढे तेच स्केट्स, घेणाऱ्याकडून तिसऱ्या घरी तेराशेला गेले, तेव्हा तोही आकडा फळ्यावर आला. जानेवारीत आणखी एक बाई त्याच मापाचा जोड विकावयास निघाल्या, तेव्हा त्या आधी वाचनालयापाशी थांबल्या, दोन्ही आकडे वाचले आणि घरी जाऊन जाहिरातीत चौदाशे लिहिले. गिऱ्हाइकाने नेहमीप्रमाणे सातशेपासून सुरुवात केली. बाईंनी त्याला फळ्याचे छायाचित्र पाठविले. सौदा साडेबाराशेला झाला आणि दोघांनाही मिळून दोन संदेश पुरले.